बोळाच्या तोंडाशी थांबलेलं पाणी

जाहीर सुनावणीच्या दिवशी पालिकेच्या सभागृहात टेबलं जोडून त्यांवर किनाऱ्याचा अख्खा वॉर्ड मांडून ठेवला होता. एका टोकाला निळ्या पत्र्याचा समुद्र, मग किनाऱ्याचा रस्ता, बाजार, शाळेचं मैदान आणि त्यामागे गल्ल्याच गल्ल्या. घरं म्हणजे बोटाच्या पेराएवढे लाकडी ठोकळे, वर रंगवलेली छपरं. लोक खुर्च्या सोडून टेबलांभोवती गर्दी करून उभे होते आणि प्रत्येकजण आपलं घर शोधत होता. सापडलं की शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता.

हे सगळं एकाच माणसाच्या हातचं काम होतं. नगररचना खात्यात त्याला सगळे मॉडेलवालेच म्हणायचे. निवृत्तीला आलेला, अंगानं किरकोळ, बोलायला कंजूष. बायको गेल्यापासून तर कामापुरतंच तोंड उघडायचा. तिला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

खात्याच्या मुख्य अधिकारी मॅडम वयानं लहान आणि बोलायला सरळ होत्या. त्यांनी माइक बाजूला ठेवला आणि योजना सांगितली. समुद्र चढतोय हे या वॉर्डात कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. मोठ्या भरतीला पाऊस गाठला की बाजारात गुडघाभर पाणी ठरलेलं. पालिका आता किनाऱ्याचा आणि आतला मोठा रस्ता उंच करणार होती. सखल गल्ल्यांमधल्या घरांचे खालचे मजले मोकळे करायचे, तिथे नुसते खांब ठेवायचे. पाणी येईल, खांबांमधून फिरेल, ओसरेल. ज्याचा खालचा मजला जाईल त्याला तेवढाच मजला वर बांधून मिळेल, पालिकेच्या खर्चानं.

"आणि नको म्हटलं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"जबरदस्ती नाही. प्रत्येक गल्लीनं हात वर करून ठरवायचं. पण रस्ते उंच व्हायचे ते होणारच. जी गल्ली खाली राहील तिच्या चारी बाजूंना रस्ता चढलेला असेल. म्हणजे वाटीच्या तळाशी बसल्यासारखं. आत शिरलेलं पाणी मग बाहेर निघायचं नाही."

मॅडमनी मॉडेलवाल्याकडे बघून मान हलवली आणि त्यानं पत्र्याच्या समुद्रात झारीनं रंगीत पाणी ओतायला सुरुवात केली.

पाणी चढलं. किनाऱ्याचा रस्ता ओलांडून बाजारात शिरलं तेव्हा बाजारवाल्यांनी "गेलं, गेलं" असा आवाज केला. मैदान भरलं. मग एकेक गल्ली भरायला लागली, आणि ज्याची गल्ली भरे तो एक पाऊल मागे सरके, जणू पाय भिजतील. शेवटी पाणी अगदी मागच्या अरुंद बोळाच्या तोंडाशी आलं. तिथे ते फुगलं, काचेच्या मण्यासारखं गोल झालं आणि थांबलं. मॉडेलवाल्यानं आणखी थोडं ओतलं. मणी थरथरला, पण आत गेला नाही.

"बघा!" एक बाई मोठ्यानं म्हणाली. "आमच्याकडे यायची त्याची पण हिंमत नाही!"

सगळं सभागृह हसलं. ती बाईही हसली. ती मॉडेलवाल्याची धाकटी मेहुणी. लहानपणी बहिणीनं चिमी म्हणून हाक मारली ती पन्नाशी उलटली तरी चिकटून राहिली. बोळातल्या माहेरच्याच घरात तळमजल्यावर तिचं शिवणकामाचं दुकान होतं. नवरा परदेशी बोटीवर, मुलगी लग्न होऊन लांब. दुकान हाच तिचा संसार.

मॉडेलवाला मण्याकडे बघत होता. पाणी का थांबलं ते त्याला त्याच क्षणी कळलं. तो बोलणारही होता. पण तेवढ्यात चिमी हसली. मान मागे टाकून, शेवटी श्वास आत ओढत हसायची ही पद्धत त्याच्या बायकोची होती. इतके महिने त्यानं ते हसू ऐकलं नव्हतं. ते थांबू नये एवढंच त्याला त्या वेळी वाटलं. तो झारी हातात धरून तसाच उभा राहिला.

मग हात वर झाले. एकामागून एक गल्ल्यांनी हो म्हटलं. बोळानं मात्र एकमुखानं नाही म्हटलं. मागच्या मोठ्या पुरातही पाणी त्यांच्या पहिल्या पायरीपर्यंत येऊन फिरलं होतं, आणि आता तर पालिकेच्याच मॉडेलनं ते दाखवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"काका, पाणी तिथे थांबलं कसं? आमच्या सगळ्या हिशोबांत यापुढच्या पुरात तो बोळ कंबरभर बुडतोय. काल मलाही खटकलं, पण हात मोजायचे होते, मी पुढे गेले."

"फट लहान पडली, मॅडम."

"म्हणजे?"

त्याला सांगणं भाग होतं. मॉडेल करणाऱ्यांची एक रीत असते. घरं मापानं करायची, पण रस्ते मापापेक्षा रुंद कापायचे. खऱ्या मापानं कापली तर गल्ली भेगेसारखी दिसते. तिथे ब्रश जात नाही, डोळा जात नाही आणि पाणीही जात नाही. रोगण लावलेल्या लाकडावर पाणी थेंब होऊन बसतं. म्हणून सगळे कारागीर गल्ल्या दुपटीनं रुंद करतात आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही.

"मग हा एकच बोळ राहिला कसा?"

"राहिला नाही. मी मुद्दाम मापानं कापला."

"का?" मॅडमनी विचारलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "बायकोचं माहेर आहे तिथलं. दवाखान्यात असताना म्हणाली होती, आमचा बोळ आहे तसा कर हं. म्हणून केला तसा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अंतिम सुनावणी महिनाअखेरीला आहे. त्या दिवशी बोळानं हो म्हटलं तर त्यांना आत घेता येईल. त्यानंतर माझ्या हातात काही नाही. ठेकेदाराला काम वाटून दिलं जाईल. मी पत्र पाठवते, पण पत्रानं माणसं ऐकत नाहीत."

"मी जातो," तो म्हणाला.

रविवारी तो बोळ असलेली मॉडेलची फळी काखेत मारून चिमीच्या दुकानात गेला. दोन मशिनी, कापायचं टेबल, भिंतीवर टांगलेले अर्धवट झगे. स्टुलावर समोरचा घड्याळवाला बसला होता. भिंग कपाळावर चढवून बोळातल्या प्रत्येक गोष्टीत मत देणारा हा माणूस. सुनावणीत सगळ्यांत आधी नाही म्हणणारा तोच.

"या भाऊजी," चिमी म्हणाली. "आज वाट चुकलात की शर्टाची बटणं तुटली?"

"बटणं ठीक आहेत."

"मग काखेत काय? आमचा बोळ पळवून आणलात?"

त्यानं फळी टेबलावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. पाणी थांबलं ते खरं नव्हतं. बाकीच्या गल्ल्या रुंद कापल्यात, हा बोळ नाही. म्हणून थेंब अडला. खरं पाणी अडणार नाही.

चिमीनं कात्री खाली ठेवली. "थांबा. बोळ मोजताना टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

"तू."

"उन्हात उभं राहून माझी कंबर मोडली. 'ताठ धर, ताठ धर' म्हणून जीव खाल्लात. इंच न् इंच खरा आहे हा बोळ. आणि आता म्हणता तोच खोटा?"

"तो खराच आहे. बाकीच्या खोट्या आहेत."

घड्याळवाला खो-खो हसला. "म्हणजे खोट्या गल्ल्यांत पाणी खरं आणि खऱ्या बोळात पाणी खोटं? साहेब, पालिकेत असंच शिकवतात का?"

मॉडेलवाल्याचे कान तापले. वादात तो कधीच कुणाला जिंकला नव्हता. घरात बायकोला नाही, खात्यात शिपायालाही नाही. त्याला हातानं करून दाखवता यायचं, म्हणून त्यानं तेच केलं. चिमीकडून वाटीभर पाणी घेतलं, मेणाच्या पट्टीनं फळीची कड बांधली आणि पाणी ओतलं. बोळाच्या तोंडाशी पुन्हा तो मणी उभा राहिला. मग मोरीवरच्या साबणाला बोट लावून त्यानं ते बोट मण्याला टेकवलं. मणी फुटला. पाणी सरळ बोळात घुसलं आणि शेवटच्या घरापर्यंत गेलं.

चिमी वाकून बघत होती. "अगं बाई," ती हळूच म्हणाली.

"यात काय नवल?" घड्याळवाला म्हणाला. "साबण लावला की बोटातली अंगठीसुद्धा निघते. तुमच्या समुद्राला कोण साबण लावणार आहे?"

आवाज ऐकून दारात जमलेली चार माणसं हसली. एकानं विचारलं, पालिका आता घरोघर साबण वाटणार का. चिमीनंही मान झटकली.

"भाऊजी, खरं सांगू? तुमच्या मॅडमनी तुम्हाला पाठवलंय. सगळ्या गल्ल्या हो म्हणाल्या, आमचा एक बोळ नाही म्हणाला, तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझं गिऱ्हाईक बघा कोण येतं. म्हाताऱ्या बायका, पोटुशा पोरी. त्या जिना चढून ब्लाउज शिवायला येतील? वर गेले की माझं दुकान बसलं म्हणून समजा."

"तुझं बरोबर आहे."

"मग?"

लोक पांगले. घड्याळवाला आपल्या दुकानात गेला. मॉडेलवाला फडक्यानं फळी पुसायला लागला. चिमीनं चहा टाकला, कारण भाऊजी रिकाम्या तोंडी गेले असते तर तिला रात्रभर रुखरुख लागली असती.

कप पुढे करत तिनं विचारलं, "एक सांगा. त्याच दिवशी का नाही बोललात? तुम्ही तिथेच होतात झारी घेऊन. मी हसत होते, लोक हसत होते, तुम्ही मूग गिळून बसलात. आता दुकानात येऊन साबण दाखवताय. म्हणून लोकांना खोटं वाटतं. मलाही वाटतं."

त्यानं कप घेतला.

"तू हसलीस," तो म्हणाला.

"मग?"

"तिच्यासारखी हसलीस. मला वाटलं, आणखी थोडं ऐकावं."

चिमी मशीनच्या स्टुलावर बसली. तिनं उगाच एका रिळाचा दोरा ओढला, तुटेपर्यंत ओढला.

"मी बोललो असतो तर तू थांबली असतीस," तो म्हणाला. "सगळे थांबले असते. तेवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. मॅडमनी मला पाठवलेलं नाही, मीच येतो म्हणालो."

"म्हणजे तिचं हसू ऐकायला तुम्ही मला बुडवायला निघाला होतात?"

"हो. तसंच झालं."

कुणी दुसऱ्यानं असं 'हो' म्हटलं असतं तर चिमीनं त्याला दाराबाहेर काढलं असतं. पण तिला हा माणूस आता तीस-पस्तीस वर्षं माहीत होता. त्याला गोष्ट रचता येत नसे. लग्नाच्या वेळी मुलगी कशी वाटली असं विचारलं तर 'उंच आहे' म्हणाला होता आणि दोघी बहिणी त्यावर आठवडाभर हसल्या होत्या. स्वतःची लाज सांगून कुणाला फसवण्याइतकी हुशारी याच्या अंगात नव्हती. पाणी येणार हे तिला साबणानं पटलं नव्हतं. ते इथे पटलं.

"किती येईल?" तिनं विचारलं.

तो उठला, कापायच्या टेबलाशी गेला आणि टेबलाच्या वर चार बोटं हात धरला.

चिमीनं त्या हाताकडे बघितलं, मग टेबलावरच्या कापडांकडे, मग मशिनींकडे.

"मशीन भिजली की गंजते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही नुसतं हो हो काय म्हणता? काहीतरी मार्ग सांगा ना! त्या जिन्याचं काय करायचं?"

हे मात्र त्याच्या हातातलं काम होतं. त्यानं खिशातली पेन्सिल काढली आणि कापडाखालच्या जाड कागदावर रेघा ओढल्या. जिना घराच्या आतून नको, बाहेरून. पायऱ्या बुटक्या, मधे टेकायला ओटा, दोन्ही बाजूंना कठडा. सरळ वर दुकानाच्या दारात. पालिकेच्या नकाशात प्रत्येक घराला आतला अरुंद जिना धरलाय. बाहेरच्या जिन्याला जागा लागेल, पण खालचा मजला मोकळाच होणार असल्यानं जागा आहे.

"मग तसं का नाही धरलं आधीच?"

"कुणी मागितलं नाही. बोळानं नाही म्हटलं आणि विषय संपला."

चिमीनं तो कागद फाडून घेतला. "मी मागते," ती म्हणाली.

पुढच्या दिवसांत ती संध्याकाळी दुकान लवकर बंद करून दारोदार गेली. भाऊजी का गप्प बसले ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पाणी येणार एवढंच सांगितलं. कुणी साबणाचा विनोद केला की ती म्हणायची, "विनोद झाला असेल तर आता तुमचा फ्रीज कुठे ठेवणार ते सांगा." आणि मग जिन्याचा कागद काढायची. म्हाताऱ्या माणसांचं सगळं अडणं जिन्याशीच होतं. पाण्याबद्दल कुणी फार बोललंच नाही. पाण्याची भीती सगळ्यांनाच होती, ती मॉडेल बघून काही काळ दबली होती इतकंच. घड्याळवाला मात्र बधला नाही. "तू फितूर झालीस," तो म्हणाला. "मेहुण्याच्या बाजूनं गेलीस."

"मेहुण्याच्या नाही हो, मशिनीच्या," चिमी म्हणाली.

अंतिम सुनावणीला सभागृहात टेबलं रिकामी होती. मॉडेल मांडू नये असं मॉडेलवाल्यानंच मॅडमना सांगितलं होतं. बोळाची पाळी आली तेव्हा मॅडमनी त्याला उभं केलं. त्यानं हात मागे बांधले आणि जमिनीकडे बघत सांगितलं की मागच्या वेळी पाणी मॉडेलमुळे थांबलं, बोळामुळे नाही. चूक त्याची होती आणि ती त्याला तेव्हाच कळली होती. मग तो खाली बसला. कुणी हसलं नाही. मॅडमही उठल्या आणि म्हणाल्या, "खटकलं मलाही होतं. मी विचारलं नाही."

चिमी उभी राहिली. "आम्ही वर जायला तयार आहोत," ती म्हणाली, "पण जिना बाहेरून पाहिजे, बुटक्या पायऱ्यांचा. आमच्यात निम्मी माणसं गुडघेदुखीची आहेत. ते लिहून घ्या, मगच हात मोजा."

मॅडमनी इंजिनिअरकडे बघितलं. इंजिनिअर म्हणाला खर्च वाढेल. मॅडम म्हणाल्या वाढू दे, आणि लिहून घेतलं. मग हात वर झाले. घड्याळवाल्याचा आणि त्याच्या दोन मित्रांचा सोडून सगळे. बोळ योजनेत आला. मोजणी संपते न संपते तोच घड्याळवाला पुढे आला आणि इंजिनिअरला म्हणाला, "माझा विरोध नोंदवून ठेवा. आणि माझ्या वरच्या खोलीला मोठी खिडकी पाहिजे. उजेड नसला तर बारीक स्क्रू दिसत नाहीत."

सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात चिमी बाकावर बसली होती. मॉडेलवाला तिच्या शेजारी येऊन बसला.

"भाऊजी, आमच्या घराच्या खाली मग काय राहील?"

"खांब."

"आणि मागची खोली?"

मागच्या खोलीत दोघी बहिणी लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. तिथल्या कोनाड्यात अजून त्यांची शाळेची पेटी होती, हे त्याला ठाऊक होतं.

"ती जाईल," तो म्हणाला.

"सगळी?"

"सगळी. भिंती काढल्याशिवाय पाणी फिरणार नाही."

चिमीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली, आवाज न करता. तो शेजारी बसून राहिला. लोक बाजूनं जात होते. एकदोघांनी थांबून चिमीला विचारलं, बरं वाटत नाही का. तिनं हातानंच जा म्हटलं.

मग तिनं नाक पुसलं.

"मोजायला माणसं कधी येणार?"

"सोमवारपासून. खोली रिकामी करावी लागेल."

"एकटीला व्हायचं नाही. त्या पेटीत तिचंही सामान आहे. काय ठेवायचं, काय टाकायचं, मला कसं कळणार?"

"मी येतो उद्या," तो म्हणाला. "सकाळीच येतो."